प्रोजेक्ट आयजीआय पुन्हा खेळताना

कातळकडा

प्रोजेक्ट आयजीआय हा आमच्या पिढीचा सगळ्यात लाडका शूटिंग गेम होता, असं मी ठामपणे म्हणेन. काउंटर-स्ट्राइक कॅफेत मित्रांबरोबर खेळायचा, व्हाइस सिटी घरी कुणी नसताना खेळायचा, पण आयजीआय प्रत्येकाच्या पीसीवर असायचाच. पीसी असेंबल करून देणारा माणूस विंडोज टाकता टाकता तोही टाकून द्यायचा. गेल्या महिन्यात तो पुन्हा लावला आणि यावेळी शेवटपर्यंत खेळलो. त्याबद्दल लिहायचं आहे, आणि तुमच्याकडून ऐकायचंही आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: गेम डिसेंबर २००० मध्ये आला. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीने बनवला आणि आयडॉस इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केला. आपण असतो डेव्हिड जोन्स, एसएएस या ब्रिटिश कमांडो दलातला माजी सैनिक. चोरीला गेलेल्या अणुबॉम्बचा माग काढत पूर्व युरोपातल्या एकेका लष्करी तळात एकट्याने घुसायचं. कानात फक्त अन्याचा आवाज, ती दुरून सूचना देते. एकूण १४ मिशन. बस.

आता मुद्द्याचं. या गेमला तेव्हाही दोन गोष्टींसाठी खूप बोलणी बसली होती. एक, मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. अर्धा तास सरपटत, लपत सगळं निभावलं आणि शेवटच्या दारात गोळी लागली, तर पुन्हा पहिल्यापासून. दोन, मल्टिप्लेअर नाही, म्हणजे एका वेळी अनेकांनी मिळून खेळायची सोय नाही. त्या काळात शूटिंग गेममध्ये मल्टिप्लेअर नसणं म्हणजे अर्धा गेम नसण्यासारखंच मानलं जायचं. पुन्हा खेळताना मला वाटलं, हा गेम आपल्या डोक्यात इतका पक्का बसला तो नेमका याच दोन गोष्टींमुळे. सेव्ह नाही म्हणून प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं, आणि बरोबर कुणी नाही म्हणून तो तळ, तो टॉवर, ते रिकामं मैदान तुमच्या एकट्याच्या वाट्याला येतं.

पहिलंच मिशन घ्या. उंचावर उभे असता, खाली तारेच्या कुंपणातला तळ. दुर्बीण काढायची. पहारेकरी कुठून कुठे जातो, वळायला किती वेळ घेतो, टॉवरवरचा कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे. मग तो नकाशा. उपग्रहातून बघावा तसा सगळा तळ वरून दिसतो, हवं तिथे जवळ जाऊन बघता येतं. आजच्या गेममध्ये जिथे जायचं तिथे बाण तरंगत असतो. इथे आपणच ठरवायचं की डावीकडच्या शेडमागून जायचं की सरळ टॉवर आधी रिकामा करायचा. मी तर खाली उतरायच्या आधी बराच वेळ नुसता बघतच बसलो होतो आणि मला जराही कंटाळा आला नाही.

एक बारीक गोष्ट लहानपणी कधी जाणवली नव्हती, ती आता फार आवडली. शिडीला हात घातला की कॅमेरा जोन्सच्या डोळ्यांतून बाहेर येतो आणि तो आपल्याला पाठीमागून चढताना दिसतो. तेवढा वेळ हातात बंदूक नसते. काहीही करता येत नाही. टॉवरची शिडी चढताना खालून कुणी आलं तर बघत राहण्यापलीकडे इलाज नाही. तारेवरून घसरत पलीकडे जातानाही तेच. ती काही सेकंदं इतकी उघडी वाटतात की चाळिशीतही माझे तळहात ओले झाले.

आणि आता आमच्या गावाकडची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय माझा आयजीआय पूर्ण होत नाही. २००५ च्या आसपास सांगली जिल्ह्यात आमच्याकडे भारनियमन कसं होतं ते त्या भागातल्यांना सांगायला नको. वेळापत्रक पेपरात यायचं, पण लाइट वेळापत्रक पाळेलच असं नाही. घरी यूपीएस नव्हता. सेव्ह नसलेला गेम आणि कधीही जाणारी लाइट. मिशन सुरू करण्याआधी मी घड्याळ बघायचो, मनातल्या मनात हिशोब करायचो, की एवढ्या वेळात हे होईल का. मध्येच पंखा बंद झाला की स्क्रीन काळी व्हायच्या आधीच कळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या कुंपणापासून. त्यामुळे झालं असं की ते तळ मला आमच्या गल्लीइतके पाठ झाले. इतक्या वर्षांनी परवा खेळताना हात आपोआप वळत होते. पुढच्या कोपऱ्यावर कोण उभा आहे हे डोक्याला आठवायच्या आधी बोटांना आठवत होतं.

तुमचा आयजीआय कसा होता?

सायबरकट्टा

क्या बात है! मल्टिप्लेअर नव्हता हे खरं, पण आमच्या नाशिकच्या कॅफेत तो एकट्याने खेळलेला मी कधी पाहिलाच नाही. २० रुपये तास. पैसे एकाचे, खुर्चीवर एक जण, आणि मागे चार डोकी. एक जण फक्त नकाशा लक्षात ठेवायचा. एकाचं काम "मागे बघ, मागे बघ" ओरडणं. अलार्म वाजला की सगळे एकदम बोलायला लागायचे आणि खुर्चीवरचा हमखास मरायचा. मेला की खुर्ची बदलायची, हा नियम. त्यामुळे मिशन पूर्ण व्हायचं तेव्हा ते कुणा एकाचं नसायचं. शेवटचं दार मी उघडलं असेल, पण टॉवर कुणी तरी दुसऱ्यानेच रिकामा केलेला असायचा.

सेव्ह असता तर हे झालं नसतं. सेव्ह असला की प्रत्येक जण आपापला गेम घेऊन बसतो.

अनुजा_लेखणीवाली

मी आयजीआय खूप खेळले, आणि तेव्हा मुली असले गेम खेळत नाहीत असं सगळ्यांचं पक्कं मत होतं. दादाचा पीसी होता, तो क्लासला गेला की माझा.

माझी पद्धत वेगळी होती. मी वही केली होती. चौकोनी रेघांची, गणिताची. प्रत्येक तळाचा नकाशा काढायचे: टॉवर म्हणजे त्रिकोण, कॅमेरा म्हणजे डोळा, बराक म्हणजे चौकोन, आणि पहारेकऱ्याच्या फेरीसाठी तुटक रेघ. तुटक रेघेवर बाण. अलार्मचं बटण लाल पेनने. एकेका मिशनचं एक पान, आणि पान पूर्ण झालं की मगच मी खरं खेळायला सुरुवात करायचे. त्याआधी नुसती मरायला जायचे, बघायला. एकदा मुद्दाम अलार्म वाजवून कुठल्या दारातून किती सैनिक निघतात ते मोजलं होतं आणि मग लक्षात आलं की मोजण्यात अर्थ नाही, ते संपतच नाहीत!

कातळकडा, तुम्ही बघत बसण्याबद्दल लिहिलंत ना, ते अगदी पटलं. या गेममध्ये गोळी मारणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. बाकीचा सगळा वेळ तुम्ही बघत असता. दादाला हे कधी समजलं नाही, तो एके-४७ घेऊन सरळ गेटमधून जायचा.

रोखठोक

लेख छान आहे, पण मला पटलेला नाही, आणि आठवणींच्या भरात गेमचे दोष गुण म्हणून खपवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात काय काय आलं होतं ते बघा. हाफ-लाइफ १९९८ चा. त्यातले सैनिक एकमेकांशी बोलून तुम्हाला घेरतात, ग्रेनेड टाकून आडोशातून बाहेर काढतात. थीफ १९९८ चा. लपून खेळायचा गेम कसा असावा याचा तो धडाच आहे: अंधारात किती दिसता, फरशीवर चाललात की गालिच्यावर, सगळं मोजलं जातं. डेउस एक्स २००० चा, म्हणजे आयजीआयच्याच वर्षातला. एकाच दारातून जायचे चार रस्ते. आणि गंमत म्हणजे थीफ, डेउस एक्स आणि आयजीआय, तिन्ही प्रकाशित केले आयडॉसनेच. म्हणजे एकाच प्रकाशकाकडे हे सगळं उपलब्ध होतं.

त्यांच्या शेजारी आयजीआय ठेवला तर काय दिसतं? शेजारचा मित्र पडला तरी पहारेकरी थोड्या वेळाने पुन्हा आपल्या फेरीला लागतो. अलार्म वाजला की बराकीतून सैनिक येतच राहतात, एवढ्याशा खोलीत इतकी माणसं राहतील तरी कशी? अनुजांनी वर तेच लिहिलंय. आणि सेव्ह नसणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता असं धरलं तरी खेळणाऱ्याच्या वेळेची किंमत न करणारा तो निर्णय होता. १९९८ मध्येच लोकांना हवं तिथे सेव्ह मिळत होता. आपल्याला तो गेम आवडला कारण आपल्याकडे तोच होता.

बिटबदल

@रोखठोक, सैनिकांच्या अकलेबद्दल पूर्ण सहमत. पण "आपल्याकडे तोच होता" हे अर्धंच खरं आहे. तो आपल्याकडे का होता, याचं उत्तर त्याच्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि तिथे आयजीआय खरंच वेगळा होता.

इनरलूपने आयजीआयच्या आधी १९९७ मध्ये जॉइंट स्ट्राइक फायटर नावाचा लढाऊ विमानांचा गेम केला होता, तोही आयडॉससाठी. त्याच इंजिनवर पुढे आयजीआय उभा राहिला. त्या वेळचे बहुतेक शूटिंग गेम क्वेक या गेमच्या पद्धतीचे होते. हाफ-लाइफसुद्धा क्वेकच्याच इंजिनमध्ये बदल करून बनवलेला. ही इंजिनं खोल्या आणि बोळ यांसाठी बनलेली. कुठल्या खोलीतून कुठली खोली दिसते हे आधीच मोजून ठेवायचं, म्हणजे खेळताना कॉम्प्युटरला तेवढंच रंगवावं लागतं. भिंती जितक्या जास्त तितकं काम कमी. उघडं मैदान दिलं की ही पद्धत हात टेकते.

विमानाच्या गेमला याच्या उलट हवं असतं. मैलोन्‌मैल जमीन, क्षितिजापर्यंत. दूरचा डोंगर ढोबळ रंगवायचा, जवळ आलात की तपशील वाढवायचा. हे तंत्र इनरलूपकडे तयार होतं. म्हणून त्यांचा तळ खऱ्या माळरानावर बसलेला दिसतो, चारही बाजूंनी येता येतं, आणि दूरच्या टॉवरवरच्या माणसाला दुर्बिणीतून बघता येतं. नोव्हालॉजिक कंपनीच्या डेल्टा फोर्स या शूटिंग गेमची गोष्टही तशीच. तो १९९८ चा, आणि त्यांचं जमीन दाखवायचं तंत्र आलं होतं कोमँची या हेलिकॉप्टरच्या गेममधून. मला नेहमी वाटतं की शूटिंग गेम खोलीच्या बाहेर पडला तो या उडणाऱ्या लोकांमुळे.

आणि आपल्याकडचं कारण साधं. आयजीआय इंटेलच्या ऑनबोर्ड, म्हणजे पीसीत आधीपासूनच असलेल्या, ग्राफिक्सवर चालायचा. ग्राफिक्स कार्ड घ्यायची ऐपत कितीशा घरांत होती?

कातळकडा

@बिटबदल, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. विमानाचं माहीत नव्हतं. आता ते करडं रिकामं माळरान वेगळ्याच नजरेने बघेन.

@रोखठोक, पहारेकऱ्यांच्या अकलेवर मी वाद घालणार नाही, तुमचं बरोबर आहे. पण सेव्हबद्दल माझं मत ठाम आहे. २००१ चा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट घ्या. त्यात एका मिशनमध्ये एकच सेव्ह. तो कधी वापरायचा याचा विचार करताना घाम फुटायचा. म्हणजे सेव्ह कमी करून भीती वाढवणं हे तेव्हाचे दुसरे लोकही जाणूनबुजून करत होते. हाफ-लाइफमध्ये मी दर दोन मिनिटांनी सेव्ह करतो आणि त्यामुळे मला तिथल्या सैनिकांची भीती कधीच वाटली नाही, ते कितीही हुशार असले तरी. आयजीआयचा पहारेकरी मठ्ठ आहे, पण त्याच्या एका गोळीची किंमत माझा अख्खा अर्धा तास आहे. त्याचा धाक तिथून येतो.

वेळेची किंमत न करणारा निर्णय, हे मात्र मान्य करायला हवं. नोकरी, घर, मुलं सांभाळून खेळणाऱ्याला तो जड जातो. मलाही गेला.

भटका_सह्याद्री

बिटबदल यांचा प्रतिसाद वाचून एकदम एक कोडं सुटलं. मी मिशनपेक्षा जास्त वेळ तळापासून लांब चालत जाण्यात घालवायचो! कुंपणाकडे पाठ करायची आणि डोंगराच्या दिशेने चालायला लागायचं. कुणी अडवत नाही. भिंत नाही, "मागे फिरा" अशी पाटी नाही. मागे वळून बघितलं की तळ ठिपक्याएवढा. तिकडे काहीच नसतं, ना शत्रू ना बक्षीस. फक्त चढ-उतार.

दुसऱ्या कुठल्या गेमने तेव्हा हे करू दिलं नव्हतं. ट्रेकिंग मी खूप नंतर सुरू केलं, पण कड्यावरून खालचं गाव बघत बसायची आवड मला तिथेच लागली असावी. तळावर उतरायच्या आधी तिन्ही बाजूंच्या डोंगरांवरून तो बघून घ्यायचो. चौथ्या बाजूने गेल्यावर एखादी अशी जागा सापडायची की जिथून टॉवरवाल्याची फक्त पाठ दिसते. असं ठिकाण स्वतः शोधल्याचा आनंद नंतर कुठल्याच मोठ्या गेममध्ये मिळाला नाही, कारण तिथे ती जागा कुणी तरी आपल्यासाठी आधीच ठेवलेली असते.

गोदाकाठ

मी हा गेम परवा माझ्या बारा वर्षांच्या मुलाला दाखवला. तो बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, खेळणारा. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा बिल्डिंगमधली सगळी मोठी मुलं हळहळली होती, हा तेव्हा लहान होता. २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि आता याच्या वर्गात दुसरा विषय नाही.

पहिली प्रतिक्रिया: "बाबा, जायचं कुठे ते दाखवत का नाही?" दुसरी: "मेल्यावर परत कुठून?" मी सांगितलं, पहिल्यापासून. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काही तरी अन्यायच केलाय.

मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बायको म्हणाली, "अरे, निदान नकाशा कुठल्या बटणावर आहे ते तरी सांग." तेवढं सांगितलं. त्यानंतर तो गप्प झाला. बराच वेळ नकाशा वर-खाली करत बसला. मग दुर्बीण. मग पुन्हा नकाशा. मी मागे बसून बघतोय आणि माझाच जीव वरखाली होतोय. त्याने एक असा रस्ता काढला जो मी कधीच घेतला नव्हता, इमारतींच्या मागून, एकही गोळी न मारता पार आतपर्यंत. आणि आत दार उघडल्यावर समोरच एक जण उभा. खलास.

मला वाटलं, आता मोबाइल हातात घेणार. पण तो म्हणाला, "थांबा, मला कळलं तो कुठे आहे." आणि पुन्हा सुरुवात केली.

रोखठोक यांच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की त्याच्याकडे तर सगळे गेम आहेत. तरी तो बसला. अर्थात सगळीच मुलं बसतील असं नाही, त्याच्या मित्राने पाच मिनिटांत सोडून दिला.

निशाचर

आयजीआय २ बद्दल कुणीच बोलत नाहीये! २००३ मध्ये आला, पूर्ण नाव आयजीआय २: कोव्हर्ट स्ट्राइक, यावेळी प्रकाशक कोडमास्टर्स. लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांनी मिशनमध्ये मोजके सेव्ह दिले, काठिण्यपातळी वाढवली की सेव्ह कमी. मल्टिप्लेअरही दिला. लिबिया, चीन, भरपूर जागा. माझ्या मते सेव्हच्या वादाचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं होतं: थोडे द्या, पण मोजून द्या. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. बंदुकाही जास्त, आणि अधिक चांगल्या वाटतात.

वाईट एवढंच की त्याच वर्षी इनरलूप बंद पडली. पुढे २०१९ मध्ये टोडमन इंटरॅक्टिव्हने आयजीआय ओरिजिन्स या नव्या गेमची घोषणा केली तेव्हा माझ्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचाच व्हिडिओ फिरत होता. ज्या मित्रांशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्यांनी पाठवला.

सायबरकट्टा

@निशाचर, दुसरा चांगला आहेच, पण त्यात मोजून सेव्ह मिळाल्यावर आमच्या कॅफेतला खुर्ची बदलायचा नियम मोडला. "थांब, माझा सेव्ह आहे" सुरू झालं. भांडणं वाढली.

अजून एक. तुमच्यापैकी किती जणांना तेव्हा कथा माहीत होती? आमच्या कॅफेतल्या सीडीत मधली दृश्यं नव्हतीच. प्रिबॉय कोण, त्याला पकडायचं की सोडवायचं, काही पत्ता नाही. आता यूट्यूबवर बघितल्यावर कळलं की जोसेफ प्रिबॉय हा शस्त्रांचा व्यापारी, याक हा त्याचा काका, आणि सगळ्याच्या मागे एक्क नावाची बाई आहे. आम्ही तिला गेमच्या शेवटी भेटणारी एक कडक शत्रू एवढंच समजायचो. कथेशिवाय इतकी वर्षं खेळलो आणि काही कमी वाटलं नाही, कारण आमच्यासाठी कथा म्हणजे तो तळ होता.

मीठभाकर

नवीन सभासद, पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून राहवलं नाही म्हणून विंडोज ११ वर लावायचा प्रयत्न केला. सुरू होतो, पण मेनू दिसल्यावर स्क्रीन काळी. कुणी मदत करेल का? माझी सीडी जपून ठेवलेली आहे, अजून चालते.

बिटबदल

@मीठभाकर, स्वागत. गेम जुन्या डायरेक्टएक्सवर (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) आहे, आजच्या ग्राफिक्स कार्डांना ती भाषा नीट बोलता येत नाही. डीजीवूडू २ नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो, तो मध्ये बसून जुन्या सूचना नव्या डायरेक्टएक्समध्ये बदलून देतो. त्यातल्या डायरेक्टएक्ससाठीच्या फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये, जिथे गेमची एक्सई फाइल (जिच्यावरून गेम सुरू होतो ती) आहे तिथेच, टाका. ३२ बिटच्या घ्या, ६४ च्या नाही. इथेच बहुतेकांचं अडतं. मग एक्सईवर राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी निवडा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधून ठेवा. जुने गेम मोकळे सोडले की त्यांची चाल बिघडते. स्क्रीन रुंद असेल तर चित्र ताणलेलं दिसेल, ते डीजीवूडूमध्येच मूळ प्रमाणात ठेवता येतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. ताणलेल्या चित्रात दूरचा माणूस ओळखणं कठीण जातं, आणि या गेममध्ये तेच तर करायचं असतं.

अनुजा_लेखणीवाली

@सायबरकट्टा, आमच्याकडच्या सीडीत दृश्यं होती, पण इंग्रजी इतकं भरभर की मला अर्धंच कळायचं. अन्या काय सांगते ते ऐकण्यासाठी मी तीच सुरुवात पुन्हा पुन्हा लावायचे. वहीत तिच्या सूचना देवनागरीत लिहून ठेवल्या होत्या, जशा ऐकू आल्या तशा.

@गोदाकाठ, तुमच्या मुलाला वहीचं सुचवा ना. आधी नकाशा काढ, मग खेळ. मी वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा साइट प्लॅन वाचणं मला कुणी शिकवावं लागलं नाही. वरून बघायचं आणि खाली उभं राहिल्यावर काय दिसेल ते डोक्यात उभं करायचं, ही सवय होतीच. भिंत किती उंच असली की पलीकडचा माणूस दिसत नाही, मोकळ्या अंगणात दोन इमारतींमध्ये किती अंतर असलं की पळत जाताना उघडे पडतो, हे मी आधी जोन्सच्या डोळ्यांनी बघितलं आणि मग टेबलावर काढलं. आज शाळेचं आवार आखताना शिक्षक कुठे उभे राहिले की सगळं मैदान दिसेल, हा प्रश्न मला पहिला सुचतो.

रोखठोक

काल रात्री लावला. बिटबदल यांच्या कृतीने पहिल्या फटक्यात चालला, त्याबद्दल आभार.

माझं मत बरंचसं तेच आहे. टॉवरवरच्याला पाडलं, त्याच्या बरोबर खाली उभा असलेला ढिम्म हलला नाही. हे थीफमध्ये झालं असतं तर मी गेम बंद केला असता. पण भटका_सह्याद्री यांनी सांगितलं म्हणून आधी डोंगरावरून चक्कर मारली, आणि तो भाग मला खरंच आवडला. डेउस एक्समध्ये मला चार रस्ते आखून दिलेले असतात हे खरं आहे. इथे रस्ता आखलेलाच नाही. तेवढा मुद्दा मी देतो.

सेव्हबद्दल मात्र निशाचर यांच्या बाजूने आहे. मोजून द्यायला काय हरकत होती? बॉर्डर क्रॉसिंगच्या मिशनला पोचल्यावर बोलू.

गोदाकाठ

@अनुजा, वही सुरू झाली आहे. टॉवरला त्रिकोण नको म्हणाला, खालून बघितल्यावर तो टेबलासारखा दिसतो म्हणून चौकोनाला चार पाय काढतो. कॅमेऱ्याचा डोळा मात्र त्याने लगेच घेतला, आणि डोळा कुठपर्यंत बघतो ते दाखवायला त्यापुढे पंख्यासारखा भाग रंगवतो.

त्याने या धाग्यासाठी एक प्रश्न दिलाय, जसाच्या तसा लिहितो: "एकदाही अलार्म न वाजवता कोणी कोणी कुठली मिशन पूर्ण केली आहेत? आणि खरं सांगा."

कातळकडा

पहिलं, केलंय. आणि खरं सांगतोय. बाकीच्यांनी लिहा.